पुट्टीखाली काय दडवलंस?

परवा तुझ्याकडे सत्यनारायणाला आलो, तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर थांबलो होतो. वरून तू हाक मारलीस, "सर, दमलात का?" घरात पाहुणे होते, तुझी आई प्रसाद वाढत होती. म्हणून गप्प बसलो. आज गप्प बसणार नाही.

मी दमलो नव्हतो. भिंतीवरून हात फिरवत होतो. नव्या रंगाखाली तीन बारीक उंचवटे बोटांना लागले आणि त्यांच्या शेजारी काचेची कड. ते काय आहे, हे तुला सांगायला हवं का? दोन वर्षांपूर्वी तुझ्याच हाताने बसवलेले तीन पितळी स्क्रू. दोन तड्याच्या डावीकडे, एक उजवीकडे. खाली तड्यावर आडवी चिकटवलेली लॅबमधली काचेची स्लाइड. मी सांगत होतो, तू करत होतास. व्हर्नियर लावून तिन्ही अंतरं मोजलीस. वहीत तारीख घातलीस, वेळ घातलीस, तापमानसुद्धा घातलंस. मला वाटलं, पोरगा शिकला.

पहिल्या महिन्यात चार नोंदी. दुसऱ्या महिन्यात एक. मग पाऊस लागला आणि वही मिटली ती मिटलीच. दिवाळीआधी रंगारी आला. त्याने विचारलं असणार, साहेब, ह्या स्क्रूंचं काय करू? काय सांगितलंस त्याला? पुट्टी मार, हेच ना? काच तडकली होती की शाबूत होती, एवढं तरी पाहिलंस का? दोन वर्षं ती काच तुझ्यासाठी भिंतीवर पहारा देत होती. तू तिच्या तोंडात बोळा कोंबलास.

आणि तडा? तो पुन्हा वर आलाय. केसाएवढा, पण आलाय. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरपा जिन्याकडे उतरतो आहे, जसा आधी होता तसाच. गिलावा काढला होता तेव्हा तू स्वतः पाहिलंस की वर तो विटांमधल्या दर्जांमधून, म्हणजे सांध्यांमधून, पायरी-पायरीने उतरतो आणि शेवटच्या दोन थरांत विटा फोडून जातो. दर्जांतून जाणारा तडा वेगळा आणि वीट फोडणारा तडा वेगळा, हे मी किती वर्षं फळ्यावर काढून शिकवलं? पालथ्या घड्यावर पाणी घालत होतो का मी?

तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या काकांना तडा म्हणजे रंगाचं काम वाटतं. त्यांना माफ आहे. तू सिव्हिल इंजिनिअर आहेस. वर्गात मी हातोडी हातात दिली की डोळे मिटून नुसत्या आवाजावरून पोकळ गिलावा ओळखणारा तू एकटा होतास. खणखणीत कुठे आणि बद्द कुठे, हे तुझ्या कानाला कळायचं. त्या कानांचं काय केलंस? रोज त्याच भिंतीला खांदा घासून जिना उतरतोस. कधी बोटाने टकटक करून पाहिलंस?

वर मला इमारतीच्या ऑडिटची फाइल दाखवलीस. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. अहवाल दुसऱ्याने केला हे मला मान्य. पण वाचला कोणी? सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून स्वीकारला कोणी? तुमची इमारत लोडबेअरिंग आहे. खांब नाहीत. तळाला साडेतेरा इंची भिंती, वर नऊ इंची, आणि चार मजल्यांचा सगळा बोजा त्या विटांच्या डोक्यावर. फाइलमध्ये काय तपासलंय? स्लॅब. सज्जे. गच्चीची टाकी. आणि ज्या भिंतींवर हे सगळं उभं आहे त्यांना एक ओळ, 'भिंती : स्थिती समाधानकारक'. ही ओळ वाचून तुझ्या पोटात गोळा आला नाही?

त्यात कोणीतरी जिन्याच्या भिंतीवर रिबाउंड हातोड्याचे चार आकडे घेतलेत. गिलाव्यावरून! तो हातोडा स्वित्झर्लंडच्या एर्न्स्ट श्मिटने काँक्रीटसाठी काढला. गिलाव्यावर मारलास तर तो गिलाव्याची गोष्ट सांगेल. आतल्या विटेला त्याचा पत्ताही लागत नाही. अल्ट्रासोनिकचंही तेच. सेकंदाला साडेतीन ते साडेचार किलोमीटर वेग म्हणजे चांगलं, हा तक्ता काँक्रीटचा आहे, जुन्या आयएस १३३११ मधला. विटांच्या भिंतीत दर सव्वातीन इंचांवर एक दर्ज येते. ५४ किलोहर्ट्झची लहर अशा प्रत्येक सांध्यापाशी विखुरते, मरते. म्हणून भिंतीला सोनिक चाचणी लावतात. एका बाजूने मोजलेल्या जोराचा हातोडा, दुसऱ्या बाजूला सेन्सर, खालच्या पट्टीची जाड लहर. ती भिंतीतून पार होते आणि कुठे पोकळी आहे, कुठे दर्जा भुसभुशीत झाल्या आहेत, ते तिच्या वेगावरून कळतं. हे तुला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतंस. पेपर मीच तपासला होता.

तरीही काँक्रीटचा तक्ता विटेला लावलेला तू चालवून घेतलास. कारण आकडे होते, शिक्का होता, आणि कमिटीपुढे ठेवायला फाइल झाली. इमारत ३० वर्षांपुढची झाली की महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली ऑडिट लागतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी. तू कायद्याचं तोंड बंद केलंस. भिंतीचं काय?

फ्लॅट जॅक आठवतो? तुझा आवडता प्रयोग होता. आडवी दर्ज निवडायची, तिच्या वर आणि खाली खुणेच्या पिना लावून अंतर मोजायचं. मग दर्जेत पातळ खाच कापायची. वरच्या बोजाने खाच दबते, पिना जवळ येतात. त्या खाचेत पत्र्याचं पातळ पाकीट सरकवायचं आणि पंपाने तेल भरत जायचं. पिना जिथे होत्या तिथे परत आल्या की पंप थांबवायचा आणि दाब वाचायचा. त्या दाबाच्या आकड्यात थोडी दुरुस्ती केली की भिंत त्या जागी किती बोजा वाहते आहे, त्याचा आकडा मिळतो. पाकीट काढून दर्ज पुन्हा भरून टाकायची. भिंत होती तशी. पहिल्यांदा पिना परत जागेवर आलेल्या पाहिल्यास तेव्हा तू टाळी वाजवली होतीस. आज तळमजल्याच्या भिंतीवर किती बोजा आहे, सांगशील? अंदाजे तरी?

सबबी तू मला प्रसाद खाता खाताच ऐकवल्यास. मी विचारलंही नव्हतं. न विचारता सबबी कोण सांगतो?

म्हणालास, उपकरणं महाग आहेत. सोनिक, रडार, थर्मोग्राफी, सगळ्याला भाडं लागतं, सभासद पैसे देत नाहीत. लागतं भाडं. पण तीन स्क्रूंना किती पडले? व्हर्नियर तुझ्या खणात आहे. ओळंबा कुठल्याही गवंड्याकडे मिळतो. दर महिन्याला एकदा, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, दहा मिनिटं. रविवारी पेपर वाचायला तासभर मिळतो ना? उपकरण नाही म्हणून तू थांबला नाहीस. जे होतं ते तू रंगवून टाकलंस.

म्हणालास, तडा जुनाच आहे, मरून पडलाय. मेला हे तुला कसं कळलं? उन्हाने भिंत फुगते, थंडीने आखडते. तडा दिवसभरातही थोडा श्वास घेतो आणि वर्षभरातही. म्हणून तर तापमान लिहायला लावलं होतं. ऋतूंचं एक पूर्ण चक्र मोजल्यावर, तेवढ्या तापमानाला, त्याच जागी माप परत आलं तर म्हण मेला. परत आलं नाही, दरवर्षी थोडं थोडं पुढे सरकत गेलं, तर तो जिवंत आहे. तुझ्याकडे पाच नोंदी आहेत. पाच नोंदींवर मृत्यूचा दाखला देतोस?

म्हणालास, शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंटचा खड्डा खणलाय, त्याच्या हादऱ्यांनी होतंय सगळं. असेल. मुलुंड पूर्वेला आज गल्लीगणिक एक खड्डा आहे. पण मग वही कुठे आहे? खड्डा खणायच्या आधीचं माप, नंतरचं माप? बिल्डरच्या माणसापुढे काय ठेवणार, तुझा संशय? मुंबईत मेट्रो तीनचा भुयारी मार्ग गिरगाव, फोर्टच्या जुन्या इमारतींखालून गेला, तेव्हा कामाआधी इमारतींची पाहणी झाली, तड्यांवर मापकं लागली, हादरे मोजले गेले. २०१७ मध्ये फोर्टातल्या जे. एन. पेटिट लायब्ररीच्या इमारतीचा दगडी नक्षीचा तुकडा पडला आणि प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेलं. तिथे हादऱ्यांच्या आकड्यांवर बोलणं झालं. तुझ्या इमारतीचा आकडा कुठला? रंगाच्या डब्याचा?

आणि शेवटची सबब, म्हणे पाच-सात वर्षांत आपलीही इमारत रिडेव्हलपमेंटला जाणारच. हे वाक्य मी मुलुंडमध्ये कितीतरी जिन्यांवर ऐकलं आहे. त्याच्या आधाराने लोक टाकी दुरुस्त करत नाहीत, गच्चीवर पिंपळ वाढू देतात, ड्रेनेजचा पाइप गळू देतात. मिठागराकडून येणाऱ्या खाऱ्या हवेने भिंतीला लोणा चढतो, विटेचा भुगा बोटाला लागतो, तरी म्हणतात, जाणारच आहे की. भिंतीला तुमच्या करारनाम्याची तारीख ठाऊक नाही. ती आज बोजा वाहते आहे. उद्याही तिलाच वाहायचा आहे.

ती किती दिवस वाहील, हे तुला कळतं असं वाटतं का? इटलीत पाव्हिया नावाचं गाव आहे. तिथला मध्ययुगीन मनोरा १७ मार्च १९८९ रोजी कोसळला आणि चार माणसं त्याखाली गेली. भूकंप नव्हता. वादळ नव्हतं. शेकडो वर्षं उभा असलेला मनोरा. मग मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये लुईजा बिंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ढिगाऱ्यातले तुकडे दाबून, वर्षानुवर्षं मोजून पाहिले. जड बोजा अंगावर घेऊन उभी असलेली भिंत आतल्या आत हळूहळू झिजत जाते, केसासारखे तडे जोडले जातात, आणि एक दिवस बोजा तोच असूनही ती हार मानते. हा वर्ग तुझाच होता. मी पाव्हियाचं चित्र फळ्यावर काढलं तेव्हा तू विचारलं होतंस, "सर, म्हणजे आधी काहीच दिसलं नसतं का?" दिसलं असतं. मापलं असतं तर दिसलं असतं. त्यानंतर जगात किती तऱ्हा निघाल्या! विटेत सूक्ष्म तडा फुटताना जो आवाज होतो, तो माणसाच्या कानाला येत नाही, पण सेन्सर पकडतो. तंबोऱ्याची तार सैल पडली की सूर उतरतो, तसा भिंतीचा ताठपणा गेला की तिची कंपनसंख्या उतरते, आणि तीही मोजता येते. हे सगळं मुलुंडला आण, असं मी म्हणत नाही. प्रश्न विचारणारा तो मुलगा जिन्यातून रोज जातो आणि भिंतीकडे बघत नाही, ह्याने माझा जीव जळतो.

किल्लारीला मी तुमच्या आधीच्या बॅचला घेऊन गेलो होतो, १९९३ च्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबरच्या पहाटे हजारो माणसं स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली गेली. दोन-दोन, अडीच-अडीच फुटांच्या भिंती. बाहेरचा दगड एक, आतला दगड एक, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही तोंडांना बांधणारा आरपार दगड नाही. काही घरांच्या उभ्या राहिलेल्या भिंतींना ओळंबा लावला तर पोट सुटलेलं दिसत होतं. एका म्हातारबुवांनी मला सांगितलं, तो फुगवटा त्यांच्या लहानपणापासून होता, दर पोळ्याला त्यावर शेणामातीचा लेप द्यायचे. ते शेतकरी होते. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तुला मी शिकवलं. तुझी पुट्टी आणि त्यांचा लेप ह्यात फरक कुठला, ते मला सांग.

आता खरी गोष्ट बोलू? की अजूनही महाग उपकरणांची सबब सांगणार आहेस?

परत जाताना तळमजल्याचं दार उघडं होतं. आत पाहिलं. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर ह्यांच्यामधली भिंत गेली आहे. पाच फुटांचं मोकळं तोंड, वर एक लोखंडी आय सेक्शन, त्याच्या दोन्ही टोकांना टेकायला जेमतेम चार इंच. घरातल्या बाईंनी कौतुकाने सांगितलं, ओटा वाढवला, तीन वर्षं झाली, सेक्रेटरींनी पत्र दिलं होतं. तीन वर्षं. तडा कधी दिसायला लागला रे? आणि जिन्याचा तो तडा आणि हे तोंड एकाच ओळीत आहेत, हे नकाशा न काढताही मला दिसलं. तुला दिसलं नाही?

दिसलं. म्हणून वही मिटली. पाचव्या नोंदीत माप पुढे सरकलं होतं ना? मी तुला ओळखतो. माप सरकलं नसतं तर तू मला फोन करून सांगितलं असतंस. तू गप्प बसलास, तेव्हाच मला कळायला हवं होतं. लोडबेअरिंग इमारतीत तळमजल्याची भिंत उघडायला सहीचं पत्र दिलंस, शेजारी आहेत, रोज भेटतात, नाही कसं म्हणायचं, म्हणून. मग भिंत बोलायला लागली आणि तिचं बोलणं तुझ्या सहीपर्यंत येत होतं. तिला गप्प करणं सोपं वाटलं.

२५ जुलै २०१७. घाटकोपरची साईदर्शन इमारत. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं, त्यात आधारांना हात लागला असा आरोप झाला. सतरा माणसं गेली. मुलुंडपासून पाच स्टेशनं. आणि तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर नाणेपाड्यात १५ ऑगस्ट २०२२ रोजी छताचा भाग पडून म्हातारं जोडपं गेलं. स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीचा दिवस. त्या रात्री तू मला फोन केला होतास. आवाज कापत होता. म्हणाला होतास, सर, आपल्याकडे असं होऊ देणार नाही. मी तो फोन विसरलो नाही. तू विसरलास?

मला माहीत आहे तुला भीती कसली आहे. नोंदी बाहेर आल्या, वॉर्ड ऑफिसात गेल्या, तर इमारत सी-१ मध्ये, म्हणजे अतिधोकादायक वर्गात टाकतील, चोवीस बिऱ्हाडं रस्त्यावर येतील आणि सगळे तुझ्याकडे बोट दाखवतील. ही भीती खोटी नाही. सी-१ चा धाक दाखवून भाडेकरूंना हुसकलेलं मीही पाहिलं आहे. पण विचार कर. सी-१ आणि 'समाधानकारक' ह्यांच्यामध्ये दोन खोल्या आहेत. सी-२ ए मध्ये काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती करतात. सी-२ बी मध्ये घर न सोडता दुरुस्ती होते. आज तळमजल्याच्या तोंडाला नीट बीम आणि खाली पक्का टेकू दिला, दर्जांत स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घालून तडा शिवला, पोकळ्या ग्राउटने भरल्या, तर तुम्ही त्या मधल्या खोलीत आहात. पुट्टीखाली आणखी तीन पावसाळे गेले तर कुठल्या खोलीत असाल? दोन ऑडिट एकमेकांशी भांडली की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. तिथे एका बाजूला बिल्डरचा अहवाल असेल, दुसऱ्या बाजूला तुझा. दर महिन्याच्या, तारीखवार, तापमानासकट दोन वर्षांच्या नोंदी असत्या तर कोणाची हिंमत होती तुमच्या इमारतीबद्दल खोटं बोलायची? ना घाबरवणाऱ्याची, ना झाकणाऱ्याची. ते हत्यार तू स्वतःच्या हाताने रंगवलंस.

आपल्या मुलुंडचे रस्ते १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर ह्या आर्किटेक्टांनी काटकोनात आखून दिले. स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत अजून ती रेघ दिसते. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी इथे दोरी धरून उभं राहिलं. तुला एका जिन्यात ओळंबा धरता येत नाही?

तुझी आई त्याच जिन्याने रोज देवळात जाते. कठडा सोडून भिंतीला हात लावून उतरते, मी पाहिलं. नेमका त्या तीन उंचवट्यांवर तिचा हात पडतो.

रविवारी सकाळी साडेसहाला येतो. छिन्नी आणि हातोडी तू काढून ठेव. पुट्टी हळू खरवडायची, स्क्रूच्या डोक्यांना धक्का न लावता. काच फुटलेली निघाली तर तुकडे हलवायचे नाहीत, तशीच फोटोत घ्यायची. मग व्हर्नियर लावायचा आणि पाचव्या नोंदीशी ताडून पाहायचं. तडा वर रुंद आहे की खाली, तेही मोजायचं, म्हणजे कुठलं टोक बसतंय ते कळेल. त्यानंतर तळमजल्यावर जायचं. बाईंशी मी बोलेन, पण आय सेक्शन किती इंच टेकलाय ते टेप लावून तू मोजायचंस आणि मोठ्याने वाचायचंस. लगेच टेकू लागणार असतील तर त्याच दिवशी माणूस बोलवायचा, वर्गणीची वाट पाहायची नाही. सोमवारी तुझ्या लेटरहेडवर कमिटीला पत्र जाईल, त्यात तीन वर्षांपूर्वीच्या परवानगीची तारीख असेल. मजकूर तूच लिहायचा. मी फक्त वाचेन.

वही शोधून ठेव. सापडली नाही तर मी नवी आणतो आहे, पण त्या पाच नोंदी आठवून लिहायच्या नाहीत. कोऱ्या पानावर रविवारची तारीख पडेल.